बेदाण्याच्या खोक्यावरचा सांगाडा

प्रश्न : बाई, नमस्कार. मी पुण्यात अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कर्वेनगरला हॉस्टेलवर राहते. गाव तासगाव तालुक्यात. आमची चार एकर द्राक्षबाग आहे. निम्मा माल दरवर्षी बेदाण्याला जातो. कॉलेजच्या एक्स्चेंज प्रोग्रॅममधून मला कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठात एक सेमिस्टर शिकायला मिळणार आहे. चार विषय घ्यायचे आहेत. तीन अर्थशास्त्राचे ठरले, चौथा मोकळा आहे. मला तिथे ‘चिकानेक्स आणि लॅटिनेक्स कला’ हा विषय घ्यावासा वाटतो. त्यासाठी आपली कारणं एका पानात लिहून द्यायची आहेत. मी लिहिलं आहे की जगातल्या संस्कृतींची ओळख होईल, दृष्टिकोन विशाल होईल, भित्तिचित्रांची आवड आहे, थोडं स्पॅनिशही कानावर पडेल. चारदा वाचलं, पण ते माझं वाटत नाही.

खरं कारण वेगळं आहे. विषयांची यादी बघताना त्या विषयाशेजारी एक चित्र होतं. बेदाण्याच्या खोक्यावर असते तशी टोपीवाली, हातात द्राक्षांची टोपली घेतलेली मुलगी, पण ती मुलगी म्हणजे सांगाडा. ते चित्र बघितल्यापासून डोक्यातून जात नाही. आमच्या शेडवरचा गंधकाचा वास आठवत राहतो. पण असं काही अर्जात लिहितात का? अण्णा म्हणतात, “एवढा पैसा घालून चित्रं बघाय जाणार व्हय?” मैत्रिणी म्हणतात डेटा सायन्स घे. मी काय करू? आणि त्या नावातला ‘एक्स’ म्हणजे नक्की काय?

— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तू जे शेवटी, भीतभीत लिहिलं आहेस, ते अर्जाच्या पहिल्या ओळीत घाल. वरची सगळी कारणं खोडून टाक. ‘दृष्टिकोन विशाल होईल’ हे वाक्य मी पेपर तपासताना एकतीस वर्षं वाचलं आणि त्यातून मला लिहिणारी मुलगी कधी दिसली नाही. गंधकाचा वास लिहिलास आणि तू लगेच दिसलीस.

तू पाहिलंस ते चित्र एस्टर हर्नांडेझ या चित्रकर्तीचं आहे, १९८२ सालचं. नाव ‘सन मॅड’. मूळ खोक्यावरचं नाव ‘सन-मेड’, म्हणजे उन्हातली कुमारिका. तिनं एक अक्षर गाळलं आणि कुमारिका संतापली. खाली तिनं छापलं आहे की हे बेदाणे अनैसर्गिकरीत्या पिकवलेले आहेत, कीटकनाशकं, कोळीनाशकं, तणनाशकं आणि बुरशीनाशकं घालून. एस्टर १९४४ साली दिन्यूबा नावाच्या गावात जन्मली. कॅलिफोर्नियाच्या सान वाकीन खोऱ्यातलं हे गाव, द्राक्षांचा आणि बेदाण्यांचा मुलूख. तिच्या घरचे शेतमजूर होते, ती स्वतः त्या मळ्यांत राबली. मोठेपणी तिला कळलं की तिथल्या विहिरींच्या पाण्यात शेतातली औषधं उतरली आहेत. त्याच पाण्यावर तिचं घर वाढलं होतं. त्या रागातून हे चित्र आलं.

आणि ते तिनं तैलरंगात नाही, स्क्रीन प्रिंटिंगनं केलं. शनिवार पेठेत, आप्पा बळवंत चौकाच्या आसपास लग्नपत्रिका ज्या रीतीनं छापल्या जायच्या, तीच ही रीत. चौकटीवर ताणलेलं कापड, त्यातून ओढलेली शाई, एका दिवसात पन्नास-शंभर प्रती. चिकानो, म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या चित्रकारांनी ही पद्धत मुद्दाम धरली. एकुलतं एक चित्र एका श्रीमंताच्या भिंतीवर जातं. पोस्टर मोर्चात जातं, खिडकीत लागतं, मजुराच्या खोलीत टाचणीनं टाचलं जातं.

कवठेमहांकाळकडच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं मला एकदा त्यांच्या शेडवर नेलं होतं. मार्च संपत आलेला. द्राक्षांचे घड डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून जाळीच्या रॅकवर पसरत होते, एकावर एक कितीतरी थर, बाजूला हिरवी शेडनेट. बायकांच्या बोटांची कातडी पांढरट पडून सोलली होती. मी विचारलं, तर एक जण म्हणाली, “सीझन संपला की येती परत.” ते वाक्य मी विसरलेले नाही. म्हणून तुझं पत्र मी दोनदा वाचलं.

आता एक गोष्ट सांगते, जी तुला कदाचित आवडणार नाही. त्या चित्रात तू स्वतःला एस्टरच्या जागी उभी करते आहेस. पण एस्टर मजुरांची मुलगी होती आणि तू बागायतदाराची आहेस. त्या खोक्यावरची कंपनी ही द्राक्ष उत्पादकांची सहकारी संस्था आहे, १९१२ साली सुरू झालेली. म्हणजे अण्णांसारख्या, सोसायटी आणि कर्जाची भाषा बोलणाऱ्या माणसांची. अण्णांना मी खलनायक करत नाही. वेलीवर भुरीचा, डाऊनीचा रोग आला की पहाटे फवारणीचा ब्लोअर घेऊन बागेत तेच जात असतील, तोंडाला टॉवेल बांधून. औषध त्यांच्याही छातीत जातं. पण शेडवर ज्या बायका घड पसरतात त्यांच्या घरात असं चित्र काढणारी मुलगी असेल, तर ती तुमच्या बागेकडे बघून काय काढील? हा प्रश्न तुला पडला असेल, नाहीतर झोप उडाली नसती. तो अर्जात लिही. मी त्या वर्गाची शिक्षिका असते, तर फक्त त्या एका ओळीसाठी तुला प्रवेश दिला असता.

तू अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आहेस म्हणून आणखी सांगते. या कलेचा मोठा भाग द्राक्षांच्या संपातून उगवला. ८ सप्टेंबर १९६५ रोजी कॅलिफोर्नियातल्या डिलेनो गावात द्राक्षमळ्यांवरचे मजूर कामावर गेले नाहीत. सुरुवात फिलिपिनो मजुरांनी केली, त्यांचा पुढारी लॅरी इट्लियाँग. काही दिवसांत सेझार चावेझ आणि डोलोरेस ह्युर्टा यांची मेक्सिकन मजुरांची संघटना त्यांना मिळाली. संप १९७० पर्यंत चालला आणि शेवटी मळेवाल्यांना करार करावे लागले, कारण दूरदूरच्या शहरांतल्या गिऱ्हाइकांनी द्राक्षं घेणं बंद केलं होतं. मागणी-पुरवठ्याचा आलेख तुझ्या पुस्तकात असतो. इथे तो भिंतींवर, पोस्टरवर आणि झेंड्यावर काढलेला बघशील. संघटनेच्या झेंड्यावर लाल कापडात पांढरं वर्तुळ आणि त्यात काळा गरुड आहे. पंखांच्या कडा पायऱ्यांसारख्या सरळ काटकोनात कापल्या आहेत, का? तर घरी शिवणाऱ्या कोणालाही तो कातरता यावा म्हणून. रेखाटनाच्या वर्गात मी मुलांना सांगायचे की आकार सोपा करणं सर्वांत अवघड. त्याचं इतकं चांगलं उदाहरण मला नोकरीत असताना ठाऊक नव्हतं, याची खंत आहे.

१९६६ मध्ये हे मजूर डिलेनोहून राजधानी सॅक्रामेंटोपर्यंत चालत गेले. १७ मार्चला निघाले, १० एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी पोचले. पुढे ग्वादालुपे मातेची, म्हणजे मेक्सिकन लोकांच्या मेरीमातेची पताका. या चालण्याला त्यांनी यात्रा, प्रायश्चित्त आणि क्रांती अशी तीन नावं एकदम दिली होती. जून-जुलैत पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा तू लक्ष्मी रोडवर उभी राहिली असशील. शेतकरी माणूस देवाची पताका घेऊन चालतो म्हणजे काय, हे तुला कोणी शिकवायला नको. संपाच्याच दिवसांत लुईस वाल्देझ यांचं शेतकरी नाट्यपथक उघड्या ट्रकवर उभं राहून खेळ करायचं, नट मजूरच, गळ्यात ‘मालक’, ‘संपफोड्या’ अशा पाट्या. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांचं लाल बावटा कलापथक ज्या आजोबांनी पाहिलं, त्यांना ते ओळखीचं वाटलं असतं.

मात्र सारखेपणा सापडला की थांबू नकोस. मीही आधी तेच केलं होतं. २०१४ साली मुलीकडे सॅन डिएगोला गेले होते, तिनं मला चिकानो पार्क दाखवलं. आपल्याकडे उड्डाणपुलांच्या खांबांवर चित्रं असतात तसंच काहीतरी असेल, असं मनात धरून गेले. डोक्यावरून गाड्या जात होत्या, सारखा घुमणारा आवाज, आणि खाली काँक्रीटच्या दांडग्या खांबांवर मेक्सिकोचा क्रांतिकारक झापाटा, देवी, मजूर, सर्प. मुलं घसरगुंडीवर खेळत होती. बाकावर एक आजी बसली होती. मुलीनं दुभाषाचं काम केलं. आजीबाईनं पहिली माहिती दिली ती चित्रांची नव्हती, जमिनीची होती. या वस्तीतून आधी हमरस्ता गेला, मग १९६९ मध्ये कोरोनाडोचा पूल डोक्यावरून गेला, घरं पडली. पुलाखाली बाग देऊ असं वस्तीला सांगितलं होतं. २२ एप्रिल १९७० रोजी तिथे बुलडोझर आले, तेव्हा कळलं की बाग नाही, महामार्ग पोलिसांचं ठाणं होणार. माणसं बुलडोझरपुढे उभी राहिली आणि बारा दिवस जागा धरून बसली, झाडं आणि निवडुंग लावले. बाग मिळाली. खांबांवरची चित्रं १९७३ पासून आली. २०१६ मध्ये त्या जागेला अमेरिकेचं राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा मुलीनं मला फोन करून सांगितलं.

चित्र आधी आणि जागा मग, असं आपण समजतो. तिथे जागा आधी मिळवली. पुण्यातले रंगवलेले खांब मला आवडतात, तिथे रंगवणारी मुलं उन्हात खपलेली असतात. पण त्या खांबाखाली आधी कोण राहत होतं, हे मी त्यापूर्वी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आता विचारते. हे मला त्या कलेनं शिकवलं, आणि एका दुपारीत. तुला तर पूर्ण सेमिस्टर मिळणार आहे.

आता तुझा ‘एक्स’. १८४८ च्या ग्वादालुपे हिदाल्गोच्या तहानं मेक्सिकोचा जवळजवळ निम्मा मुलूख अमेरिकेत गेला. तिथली माणसं जागची हलली नव्हती, सीमा त्यांच्यावरून गेली. माझी मावशी बेळगावची. १९५६ मध्ये तिचंही घर तिथेच राहिलं आणि राज्य बदललं. शाळेचा दाखला, दुकानाची पाटी, तलाठ्याचा कागद, सगळं एकेक करून परक्या भाषेत गेलं, ते ती मरेपर्यंत सांगायची. दोन्ही गोष्टी एक नाहीत, पण मावशीमुळे मला हा तह एका वाक्यात कळला. त्या मेक्सिकन वंशाच्या लोकांना ‘चिकानो’ हा शब्द हिणवण्यासाठी वापरला जाई. साठच्या दशकात तरुणांनी तोच शब्द उचलून छातीवर लावला. आपल्याकडे ‘दलित’ हा शब्द पँथरच्या पोरांनी १९७२ मध्ये ज्या ताठ मानेनं उच्चारला, ती आठवण ठेव. स्पॅनिशमध्ये पुरुष तो चिकानो, बाई ती चिकाना, आणि घोळक्यात एक जरी पुरुष असला तरी सगळे चिकानो. आपल्याकडे निदान ‘ते मूल’ म्हणता येतं, स्पॅनिशमध्ये नपुंसकलिंगी नामच नाही. म्हणून अलीकडे शेवटचं अक्षर काढून तिथे ‘एक्स’ बसवतात, कोणाला बाहेर ठेवायला नको म्हणून. काहींना त्यात मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या ‘नाहुआत्ल’ या जुन्या भाषेचीही खूण दिसते, कारण स्पॅनिशांनी त्या भाषेतला ‘श’ याच अक्षरानं लिहिला होता. वस्तीतल्या वडीलधाऱ्यांना हे नाव रुचतंच असं नाही. तिथे जो स्वतःला जे म्हणेल ते तू म्हण. ‘लॅटिनेक्स’चा परीघ आणखी मोठा, त्यात न्यूयॉर्कचे पोर्तोरिकन येतात, ज्यांच्या वस्तीत १९६९ साली ‘म्युझेओ देल बारिओ’ हे संग्रहालय उभं राहिलं, आणि क्यूबाहून बारा वर्षांची असताना आईवडिलांविना, बहिणीबरोबर धाडलेली कलाकार आना मेंदिएताही येते, जी पुढे मातीत स्वतःच्या देहाचा ठसा उमटवत राहिली.

तुला तिथे ‘रास्क्वाचे’ हा शब्द भेटेल. टोमास इबारा-फ्राउस्टो या अभ्यासकानं त्यावर विस्तारानं लिहिलं आहे. हाताशी असेल त्यातून, तुटक्याफुटक्यातून, न लाजता, रंगांची उधळण करत केलेली गोष्ट म्हणजे रास्क्वाचे. मला आईची गोधडी आठवते. वडिलांचं धोतर आत, वर तिची तीन लुगडी, मधे माझ्या शाळेच्या झग्याचा निळा तुकडा, आणि कडेला बाहेरून आत येत जाणारे धावदोऱ्याचे टाके. अमालिया मेसा-बेन्स ही चित्रकर्ती घरातल्या देव्हाऱ्याच्या रीतीनं फोटो, लेस, आरसे, सुकी फुलं मांडून संग्रहालयाच्या दालनात वेदी उभी करते. आणि कार्मेन लोमास गार्सा टेक्सासमधल्या आपल्या घरची माणसं स्वयंपाकघरात बसून तमाले करताना रंगवते, लहानमोठी सगळी जमलेली. उन्हाळ्यात कुरडयांचा चीक शिजत असताना घरात जशी गर्दी होते, तशी.

आता अर्जात न लिहिण्याजोगं, पण तुला माहीत हवं असं. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या मोठ्या कलासंग्रहालयात हॅरी गॅम्बोआ या तरुणानं विचारलं की इथे चिकानो चित्रकार का नाहीत. त्याला उत्तर मिळालं की ते लोक कला करत नाहीत, लोककला करतात, किंवा टोळ्यांत फिरतात. त्या रात्री त्यानं आणि ‘आस्को’ या चिकानो कलाकारांच्या गटातल्या दोन मित्रांनी, ग्रोंक आणि विली हेरोन यांनी, संग्रहालयाच्या भिंतीवर आपापली नावं फवारली. सकाळी त्याच गटातली पात्सी वाल्देझ त्या सह्यांच्या वर उभी असताना फोटो काढला. त्यानंतर भिंत पुसली गेली. आख्खं संग्रहालय त्यांनी आपल्या सहीचं चित्र करून टाकलं होतं. मला हा प्रसंग वाचून आनंद झाला नाही, मान खाली गेली. कारण वारली मी वर्षानुवर्षं ‘हस्तकला’ या प्रकरणात शिकवली, अर्ध्या तासात, परीक्षेला दोन गुण. जिव्या सोमा म्हसे हे नाव मी फळ्यावर रेम्ब्रांटच्या शेजारी एकदाही लिहिलं नाही. पुण्यात बाजीराव रोडला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. जायच्या आधी तिथे एक सकाळ घालव. अडकित्ते, दिवे, फण्या, वज्रऱ्या. केळकरांनी स्वयंपाकघरातली आणि माजघरातली वस्तू काचेमागे, मानानं ठेवली. त्या काचांपुढे उभी राहून ‘कला कोणती आणि लोककला कोणती, आणि हे ठरवतं कोण’ हा प्रश्न मनात घेऊन जा.

राहिले अण्णा. त्यांना मी सांगितलेली एक गोष्ट सांग. वर्ध्याकडचे पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रजांमुळे मायदेशी परतता येईना, तेव्हा १९२४ च्या सुमारास ते मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागले. मक्याच्या वाणांवर त्यांनी मोठं काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोकळ्या शेतकी शाळा काढल्या. मेक्सिकोचा प्रसिद्ध भित्तिचित्रकार डिएगो रिवेरा त्यांचा मित्र. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेरानं ‘आपली भाकरी’ अशा अर्थाच्या नावाचं चित्र रंगवलं, त्यात जेवणाच्या मेजाशी बसून भाकरी वाटणारा माणूस खानखोजे आहेत. त्याच रिवेराच्या पिढीकडे बघून चिकानो चित्रकार भिंतीवर चढले. शेतीतला मराठी माणूस त्या परंपरेच्या भिंतीवर शंभरेक वर्षांपासून बसलेला आहे, हे अण्णांना ठाऊक असू दे. चित्रं बघायला पैसे कशाला, याला मी एवढंच म्हणेन की पैसे चारही विषयांचे सारखेच पडणार आहेत. डेटा सायन्स पुण्यात गल्लोगल्ली शिकता येतं. एस्टरचं गाव तुझ्या विद्यापीठाच्याच राज्यात असेल, आणि तिच्या भाषेत द्राक्षाच्या कष्टांबद्दल बोलणारी माणसं वर्गात शेजारी बसलेली असतील.

दिवाळीला घरी जाशील तेव्हा अर्जाचं पान बरोबर ने. मागच्या सीझनला शेडवर आलेल्या बायकांपैकी एखादी गावात असेल, तर तिला ते मराठीत वाचून दाखव, चित्रही दाखव. ती जे बोलेल ते तिच्या शब्दांत लिहून घे आणि तिला विचारून अर्जात घाल.